अक्का मागच्या बाकावर

अक्कासमोर कोणाबद्दल वाईट बोलायची सोय नव्हती. ती रागवायची नाही, कानांवर हात ठेवायची नाही, उपदेशही करायची नाही. उपदेश केला असता तर परवडलं असतं. धुळ्याच्या आमच्या चर्चच्या कंपाउंडात उपदेशाची सगळ्यांना लहानपणापासून सवय असते, या कानाने ऐकून त्या कानाने सोडता येतो. अक्का मात्र सगळं मन लावून ऐकायची. मधूनमधून "हां", "मंग?" असं म्हणायची. बोलणाऱ्याला वाटायचं, चला, म्हातारी आपल्या बाजूची आहे. आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती डबा भरून, पायात चपला सरकवून, ज्याचा आपण उद्धार केला होता त्याच्याच घरी जेवायला गेलेली असायची.

कोपऱ्यावरच्या घरात एक रिटायर लाइनमन राहायचे. एकटेच. कोणी नळाला मोटर लावली, कोणाच्या झाडाची फांदी तारेला टेकली, कोणी रस्त्यावर मांडव टाकला, की यांचा अर्ज महापालिकेत गेलाच. एका वर्षी त्यांनी चर्चच्या घंटेविरुद्ध अर्ज केला, आणि ते स्वतः त्याच चर्चचे सभासद. त्या दिवशी आम्ही चार घरच्या बायका अक्काच्या ओट्यावर बसून त्यांची सालं काढत होतो. "माणूसच नाही तो," हे वाक्य माझं होतं, मला पक्कं आठवतं. दुसऱ्या दिवशी अक्का भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन गेली ती चारला परतली. आम्ही टपूनच होतो. काय म्हणाला? घंटेचं काय ठरलं? अक्काने चपला काढल्या, माठातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "त्याले दात नही शेतस. भाकर कुस्करी दिनी."

एवढाच अहवाल. पुढे ती दर गुरुवारी त्यांच्याकडे जायला लागली. लाइनमन सुधारले वगैरे असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. दोन महिन्यांनी त्यांनी अक्काच्या मोरीचं पाणी रस्त्यावर येतं म्हणून अर्ज दिला. अक्का त्या गुरुवारीही गेली.

मग बायका शहाण्या झाल्या. तिच्या ओट्यावर बसलं की उन्हाबद्दल बोलायचं, पाणी कधी येणार ते बोलायचं. कोणाची जीभ घसरलीच तर दुसरी कोपर मारायची, "हळू गं, अक्का जेवायला जाईल." आमच्याकडे ती म्हणच पडली होती.

मी तिची भाडेकरू. मूळची जळगावची, धुळ्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही. तिच्या घराची मागची खोली मला शाळेतल्याच एका बाईंनी मिळवून दिली, आणि वर्षभरात सोडायची म्हणून घेतलेल्या त्या खोलीत मी नऊ वर्षं राहिले. अक्का साक्रीकडच्या कुठल्याशा खेड्यातली. लहानपणीच आईबाप गेले, कोणीतरी तिला इथल्या दवाखान्यात आणून सोडलं, आणि ती तिथेच मोठी होऊन तिथेच आया म्हणून लागली. चाळीस वर्षं वॉर्डात काढली. नवरा होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. तिच्याबद्दल एवढंच मला माहीत आहे, कारण स्वतःबद्दल ती बोलत नसे आणि दुसऱ्यांबद्दलही बोलत नसे. मग तिच्या तोंडी उरायचं काय, तर वस्तू.

वस्तूंवर मात्र तिचा जाळ होता. नळ, मोरी, गॅसची शेगडी, खिडकीची कडी, या सगळ्यांना ती सकाळपासून शिव्या द्यायची. "मरी जाय तुनं तोंड," असं ती नळाला म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मला म्हणते आहे. मिक्सर बिघडला तेव्हा तिने त्याला दोन दिवस ओट्यावर उन्हात ठेवलं होतं, शिक्षा म्हणून. माणसांवरचा सगळा राग ती भांड्याकुंड्यांवर काढत असणार, असा माझा हिशेब. कारण राग तिच्यात नव्हता असं मी मुळीच म्हणणार नाही. संतबिंत म्हणून तिचं चित्र रंगवायला गेलं तर तीच मला लाटणं फेकून मारेल. मशेरी लावायची, उपदेशाच्या वेळी चर्चमध्ये घोरायची, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती. म्हणजे दोरीशी बोलायची. "तुले काय समजस, तू कोणी शे," असं दोरीला, मला ऐकू जाईल अशा बेताने.

आमच्या लोकांत प्रेमाला प्रीती म्हणतात. गाण्यांत प्रीती, प्रार्थनेत प्रीती, लग्नपत्रिकेत प्रीती. मीसुद्धा रविवारच्या शाळेत मुलांना बिनशर्त प्रीतीवर सुंदर बोलायचे, फळ्यावर मुद्दे काढून. अक्काच्या तोंडून हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. मी एकदा तिला विचारलं होतं, "अक्का, कोणी नीच वागलं तरी तुम्ही त्याच्याकडे जाता. कसं जमतं?" ती लसूण सोलत होती. माझ्याकडे तिने असं पाहिलं, की ही मास्तरीन असून हिला एवढंही कळू नये.

"मी आया शे ना माय," ती म्हणाली. "पेशंटले काय रोग शे, काबर व्हयना, ते डाक्टर देखी. बेडपॅन देतांना कोणी इचारस का, बाप्पा तुनं काय पाप शे?"

वॉर्डात तिने पोलीस पाहिले, बेड्या घातलेले आरोपी पाहिले, बायकोला मारता मारता स्वतःच जिन्यावरून पडलेला नवरा पाहिला, आणि शेजारच्या वॉर्डात त्याची बायको. दोघांची भांडी तिनेच काढली. न्याय करणं हे काम फार मोठं आहे, ते करणारा वर बसलेला आहे, आणि आपली नेमणूक त्या खात्यात झालेली नाही, असं तिचं सरळ म्हणणं होतं. मला ते फार अडाणीपणाचं वाटायचं. माझ्या विषयात उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं. चुकीच्या उत्तराशेजारी बसून जेवण्यात काय अर्थ, असं मी तेव्हा म्हणत असे.

तिचा खरा तऱ्हेवाईकपणा मात्र चर्चमध्ये दिसायचा. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं. भाकरीचे बारीक तुकडे आणि द्राक्षरसाचे चिमुकले पेले बाकांवरून फिरतात. मंडळीत कोणी मोठी चूक केली, त्याच्याविरुद्ध तक्रार आली आणि मंडळीने निवडलेल्या पंचांना ती खरी वाटली, तर त्या माणसाला शिस्तीत घालतात. म्हणजे त्याने चर्चला यायचं, पण प्रभूभोजन घ्यायचं नाही. शिस्तीतली माणसं आपोआप शेवटच्या बाकावर बसतात. तसा नियम नाही, पण ताट समोरून पुढे जाताना सगळ्यांच्या नजरा अंगावर नकोत म्हणून बसतात. ज्याने तक्रार केली त्याने मंडळीसमोर उभं राहून "माझी तक्रार राहिली नाही" असं म्हटलं, की शिस्त उठते. मग त्या माणसाला पुढे बोलावतात आणि सगळे त्याच्याशी हात मिळवतात. पद्धत तशी चांगली आहे. फक्त उभं राहणारे कमी असतात.

अक्का कोणत्याही शिस्तीत नव्हती. तरी ती मागच्या बाकावर बसायची, आणि ताट आलं की मान हलवायची. ज्याला बंदी आहे त्याच्या शेजारी बसून आपण एकटीने खायचं, हे तिला जमत नव्हतं. त्याची शिस्त उठेल तेव्हा त्याच्याबरोबर घेईन, असं ती म्हणायची. आता एवढ्या मोठ्या मंडळीत कोणी ना कोणी शिस्तीत असतंच. एकाची उठली की दुसऱ्याला लागते. त्यामुळे मी राहायला गेले त्याच्याही आधीपासून अक्काने प्रभूभोजन घेतलेलं नव्हतं. तिला त्याची काही किंमत नव्हती असं कोणी समजू नये. ताट पुढे जाताना तिचे डोळे त्याच्या मागे जायचे, मी पाहिलेलं आहे. उपाशी माणूस पाहतो तसे.

नवीन पाळकसाहेब आले तेव्हा त्यांचा भलताच समज झाला. दोन महिने त्यांनी या म्हातारीला शेवटच्या बाकावर मान हलवताना पाहिलं आणि सेक्रेटरीला विचारलं, हिचं प्रकरण काय? सेक्रेटरीने जुन्या वह्या काढल्या. कुठे काही सापडेना. जुन्या पाळकांनी मुद्दाम लिहून ठेवलं नसेल, फार नाजूक बाब असेल, असं दोघांनी ठरवलं. मग एक दिवस पाळकसाहेब घरी आले, मी चहा ठेवला. ते तरुण होते, घाम पुसत म्हणाले, "अक्का, फार वर्षं झाली. जे काही असेल ते आता कबूल करून टाका. मन हलकं होईल."

अक्का गंभीर झाली. "मन्हं मोठं पाप शे, पाळकसाहेब," ती म्हणाली. "माले एकटीले जेवाले आवडस नही."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं समजावून सांगितल्यावर ते हसले, पण उठताना थोडे उतरलेले होते. पंचांना त्यांनी हे सांगितलं तरी पुष्कळांना पटलं नाही. तरुणपणी काहीतरी असणार, असं अजूनही कंपाउंडात बोललं जातं.

आता माझ्या भावाचं सांगते. ते टाळून अक्काबद्दल लिहिता येणार नाही, नाहीतर टाळलंच असतं.

माझी आई जळगावला धाकट्या भावाजवळ असायची. शेवटच्या दोन वर्षांत तिला विसर पडायला लागला. दार उघडं दिसलं की निघायची. एकदा अजिंठा चौफुलीवर सापडली, ट्रकच्या गर्दीत, पायात काही नाही. म्हणून भाऊ बाहेर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. ते कुलूप मीच आणून दिलं होतं. भाऊ प्यायचा, पण रोज नाही, आणि आईचं सगळं तोच करायचा, हेही खरं आहे. मे महिन्यात एका दुपारी तो कुलूप लावून गेला, कोणाबरोबर तरी पीत बसला आणि तिथेच पडून राहिला. घरी आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. पत्र्याचं घर. जळगावचा मे महिना. आजूबाजूला सगळ्यांची दारं बंद आणि कूलर चालू. आई दाराला टेकून बसलेली होती आणि माठात थेंब नव्हता.

पोलिसांनी काय लिहून घ्यायचं ते लिहून घेतलं आणि सोडून दिलं. मी सोडलं नाही. मातीच्या दिवशी तो माझ्याजवळ आला तेव्हा मी सगळ्यांसमोर पाठ फिरवली आणि त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

वर्षभराने, आईच्या आठवणीच्या दिवशी, मी अक्काजवळ हे सगळं ओकले. "त्याने मारलं माझ्या आईला," असं म्हणाले. अक्का ऐकत होती. "हां. मंग?" तिची सवय मला माहीत नव्हती का? पुरेपूर माहीत होती. पण जळगाव काही कोपऱ्यावर नाही. अडीच तास एसटीत कोंबून घेऊन म्हातारी जाणार नाही, असं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर घराला कडी. संध्याकाळी ती आली, चेहरा धुळीने भरलेला, हातात रिकामा डबा. मी दारातच उभी होते.

"तुम्ही त्याच्याकडे गेला होतात?"

"हां."

"काय म्हणाला?"

"माले वाढं आनि देखत बसना. सोता जेवना नही." मग तिने एसटीच्या सीटला एक शिवी दिली आणि आत गेली.

त्या दिवशी मला वाटलं, खोली सोडावी. सोडली नाही, कारण धुळ्यात एकट्या बाईला खोली मिळवणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी तिच्याशी बोलणं कमी केलं. ती महिन्यातून दोनदा जळगावला जात राहिली. आणि एके दिवशी त्याला घेऊनच आली. शहराबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंगवर वॉचमनचं काम तिने त्याला लावून दिलं, राहायला तिथेच खोली. "पिणं सोडं त्यानी," एवढं तिने मला मी न विचारता सांगितलं. मी म्हणाले, आता सोडून काय उपयोग.

नेमकं त्याच सुमाराला एक गोष्ट घडली होती. शेवटच्या बाकावरच्या दोन जावा, ज्यांच्या भांडणाने मंडळी वर्षभर वैतागली होती, त्यांनी एकमेकींच्या तक्रारी मागे घेतल्या आणि बाक रिकामा झाला. किती वर्षांनी, कोणालाच सांगता येईना. पुढच्या पहिल्या रविवारी अक्का प्रभूभोजन घेणार ही बातमी कंपाउंडभर झाली. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा कोणीतरी टाकलं. अक्काने ट्रंकेतलं पांढरं लुगडं काढून धुतलं, आणि त्या दिवशी दोरीवर मी माझे कपडे घातले नाहीत.

त्याच आठवड्यात माझा भाऊ चर्चला यायला लागला. तो आमच्याच पंथातला, जळगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेला माणूस, त्याला यायचा हक्क होता. मला ते सहन झालं नाही. मी पंचांना अर्ज लिहिला. तीन मुद्दे, एकाखाली एक, एकही शब्द जास्तीचा नाही. पाळकसाहेबांनी मला बोलावून पुन्हा विचार करा म्हटलं. मी म्हणाले, यातला एक तरी मुद्दा खोटा आहे का? खोटा नव्हता. त्याला शिस्त लागली.

हा अर्ज अक्काला कुठे नेऊन ठेवील, हे मला लिहितानाच कळलं होतं. मी तरीही लिहिला.

पहिल्या रविवारी अक्का पांढरं लुगडं नेसून दुसऱ्या बाकावर बसली. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे पाहून हसत होत्या. भाऊ उशिरा आला, मान खाली घालून शेवटच्या बाकावर एकटाच बसला. गाणं चालू असताना अक्काने वळून पाहिलं. ती थोडा वेळ तशीच पाहत राहिली. मग तिने पिशवी उचलली, एका हाताने बाकाला धरत धरत मागे गेली आणि त्याच्या शेजारी बसली. माझ्या बाकावरून जाताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ताट माझ्यासमोर आलं. मी तुकडा घेतला आणि खाल्ला. त्याचं मला आज नवल वाटतं.

घरी मी वाट पाहत होते, की आता तरी ही मला काही बोलेल. ती बोलली नाही. नेहमीसारखा अर्धा चहा माझ्यासाठी झाकून ठेवलेला होता. त्यानंतर सगळा पावसाळा ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागत राहिली, आणि तेच मला जास्त टोचत होतं.

दिवाळी झाल्यावर तिच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी तपासलं, हृदय थकलं आहे म्हणाले. एका दुपारी ती ओट्यावर उन्हाला बसली होती. मला म्हणाली, "माय, इकडे ये. बस."

मी बसले.

"माले एक डाव प्रभूभोजन लेवानं शे," ती म्हणाली. "मरानं पहिले."

"मग घ्या ना अक्का. तुम्हाला कोणी अडवलंय?"

"एकटी नही."

तिला काय हवं होतं ते स्पष्ट होतं. पुढच्या पहिल्या रविवारी मी उभं राहायचं आणि एक वाक्य म्हणायचं. मला एकदम संताप आला. मी म्हणाले, तुम्हाला त्याची दया येते, माझी येत नाही. मी म्हणाले, तुमची आई असती तर कळलं असतं. आईबापाविना वाढलेल्या बाईला मी हे म्हणाले. ती आपली सुजलेल्या पायावरून हात फिरवत होती. आणि मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, जे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. आई कुलपात होती त्या संध्याकाळी मी जळगावला फोन केला होता. भावाने उचलला नाही. दोनदा केला. पिऊन पडला असेल, मरू दे, असं म्हणून मी फोन ठेवला. शेजारच्या काकूंचा नंबर माझ्याजवळ होता. जाऊन बघा म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी टीव्ही लावला.

अक्काने माझा हात हातात घेतला. तिचा तळवा नेहमी गार असायचा. "मंग तुम्हन्या खाटा जवळजवळच शेतस ना," ती म्हणाली.

मी हात ओढून घेतला. मला तिची माया नको होती. मला त्याच्या रांगेत बसवलेलं चालणार नव्हतं. त्याच्या अंगावर सगळं घालून मी दोन वर्षं झोपू शकत होते, ती माझी झोप ही बाई काढून घेत होती. मी म्हणाले, "बघू पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात मला सर्दी झाली आणि मी चर्चला गेले नाही. सर्दी खरी होती, पण एवढीही नव्हती. त्याच्या पुढच्या महिन्यात मी गेले. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला मंडळीसमोर काही बोलायचं आहे का. ते थोडा वेळ थांबले. सगळे थांबले. मी गाण्याच्या वहीकडे पाहत राहिले, आणि ताट निघालं. मागे अक्काने मान हलवली असेल. मी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, सकाळी, नळाला शिव्या देता देता ती गप्प झाली. मला ती शांतता आधी बरी वाटली. मग भांडं पडल्याचा आवाज आला. मी धावले तेव्हा ती मोरीत बसलेली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डावा हात आपला नव्हेच असा लोंबत होता.

अक्का गेली त्याच्या सहा दिवस आधीची ही दुपार. ती एका मोठ्या दवाखान्याच्या जनरल वॉर्डात होती. मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि सरळ पाळकसाहेबांच्या घरी गेले. ते जेवत होते. मी दारातूनच म्हणाले, "माझी तक्रार राहिली नाही." ते म्हणाले, "हे मंडळीसमोर म्हणावं लागतं, बाई." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, ताट सरकवलं, हात धुतला आणि म्हणाले, "चला." जिनिंगवर फोन त्यांनी केला. भाऊ दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभा होता, शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेले. मी पाळकसाहेबांच्या दुसऱ्या बाजूने चालले.

अक्का जागी होती. नाकातून नळी घातलेली. आम्हा तिघांना एकत्र पाहून तिचा चांगला डोळा एकदम मोठा झाला. पाळकसाहेबांनी छोटी पेटी उघडली, तुकडे काढले, प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात वॉर्डची सिस्टर आली.

"तोंडाने काही द्यायचं नाही हं. त्यांना गिळता येत नाही. छातीत जाईल."

"एवढासा तुकडा आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"थेंबभर पाणीसुद्धा नाही, फादर. सॉरी."

पाळकसाहेब ताटली धरून उभे राहिले. अक्काने उजवा हात उचलला आणि भावाकडे केला. त्याला दे. भावाने तुकडा घेतला. त्याला तो गिळायला फार वेळ लागला. मग हात माझ्याकडे आला. मीही घेतला. त्या बाईसमोर उभं राहून आम्ही दोघांनी खाल्लं, आणि ती पाहत होती. तिचे डोळे ताटलीच्या मागे गेले, पेटी बंद होईपर्यंत.

मग ती बोलली. तोंड वाकडं होतं, शब्द जड येत होते, तरी प्रत्येक शब्द कळला. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "भलता उशीर कया वं माय तू."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी त्याला धरून राहिले असते. ज्या बाईने जन्मभर कोणाला दोष दिला नाही, तिने तो एकदाच दिला, आणि तो मला दिला. त्यानंतर ती कोणाशीच काही बोलली नाही. मी रोज जात होते.

वॉर्डाबाहेर आल्यावर पाळकसाहेब पुढे निघून गेले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. भाऊ थोडा लांब उभा होता. जावं की थांबावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, "ताई, मनाला नको लावून घेऊ. तिला तसं म्हणायचं नसेल."

"तिला तसंच म्हणायचं होतं," मी म्हणाले.

आई गेल्यापासून मी त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.